शेतातल्या बागेत देवळाच्या घडणीचा मंडप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतावर राहण्याचे घर असो वा नसो, मोसंबीच्या किंवा आंब्याच्या बागेत दगडी खांबांचा, देवळाच्या सभामंडपासारखा एक निवारा असावा, अशी इच्छा मराठवाड्यात आता अनेकांना होते. त्याचा आराखडा करताना जे प्रश्न सतत पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मापे ही सुरुवात करण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष बांधकामापूर्वी ती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावीत.

देवळाच्या घडणीचा बागमंडप म्हणजे नेमके काय बांधायचे?

देवळाचे स्थूलमानाने दोन भाग असतात. गाभारा देवाचा असतो आणि तो बंदिस्त, अंधारा, जाड भिंतींचा असतो. सभामंडप आणि मुखमंडप माणसांचे असतात, आणि तेथे बसणे, पोथी ऐकणे, कीर्तन, पंगत, पावसात थांबणे असे सगळे व्यवहार होतात. बागेत बांधायचा असतो तो हा दुसरा भाग. चार खांबांवर एक छत, म्हणजे ज्याला चतुष्की म्हणतात ती रचना, हा त्याचा सर्वांत लहान आणि माझ्या मते सर्वांत सुंदर प्रकार होय. जागा व पैसा असेल तर चारांचे बारा किंवा सोळा खांब होऊ शकतात, परंतु मूळ एकक तेच राहते. एका चौकाचे प्रमाण साधले की पुढचे चौक त्याच्या शेजारी मांडत जाता येतात, आणि एकच चौक बिघडला असेल तर तो सोळा खांबांतही बिघडलेलाच दिसतो.

शिखर आणि कळस ठेवावा का?

ठेवू नये. शिखर गाभाऱ्यावर असते, मंडपावर नव्हे, आणि कळस दिसला की रस्त्याने जाणारा माणूस हात जोडतो. देव न बसवता कळस चढवला तर काही दिवसांत कोणीतरी नारळ घेऊन येईल, पुढे चपला बाहेर काढाव्या लागतील आणि ज्या कामासाठी मंडप बांधला ते चहा पीत गप्पा मारण्याचे काम तेथे कधीच होणार नाही. छतावर उतरत्या पायऱ्यांसारखे दोन-तीन थर पुरेसे आहेत. मंडपांची जुनी छपरे बाहेरून बहुतेक अशीच, पायऱ्यापायऱ्यांनी वर निमुळती होत जातात.

नमुन्यासाठी कोणती मंदिरे पाहावीत?

छायाचित्रांवरून काम करणे टाळावे आणि टेप घेऊन प्रत्यक्ष जावे. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील मंदिराचा खांबांचा खुला सभामंडप बागमंडपासाठी सर्वांत जवळचा नमुना आहे. औंढा नागनाथला तळापासून सुरुवात करून भिंतीचे थर वाचत वर जावे. खालचे यादवकालीन दगडी काम आणि वरचे नंतरच्या काळातील गिलाव्याचे शिखर यांतील फरक तेथे एका नजरेत कळतो. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, देगलूर तालुक्यातील होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर, भूम परिसरातील माणकेश्वरचे शिवमंदिर आणि गंगाखेड तालुक्यात गोदावरीकाठी असलेले धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर ही चारही पाहण्यासारखी आहेत. धारासूरला खाली दगड आणि वर विटांचे शिखर असल्यामुळे दोन साहित्ये एकमेकांना कशी भेटतात, याचा अभ्यास होतो.

दगड परवडत नसेल त्यांनी तेरला जावे. तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे, उत्तरेश्वराचेही काम विटांचेच आहे, आणि केवळ विटेतून थर, कोनाडे व सावल्या किती नेमकेपणाने काढता येतात हे पाहिल्यावर दगडाचा हट्ट बराच ओसरतो. खांबांच्या प्रकारांसाठी मात्र वेरूळला पर्याय नाही. घटपल्लवाचे खांब, म्हणजे पाने बाहेर झुकलेला भरला घडा खांबाच्या तळाशी किंवा माथ्याशी कोरलेला, आणि धुमार लेण्यातील उशीसारख्या दबलेल्या माथ्याचे खांब, हे दोन्ही तेथे एकाच दिवसात पाहून होतात.

‘हेमाडपंती’ म्हणून जे ओळखले जाते ते सगळे हेमाद्रीने बांधले का?

नाही. हेमाद्री पंडित हे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचे मंत्री होते, म्हणजे काळ तेराव्या शतकाचा. याच बांधणीचे अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० चे आहे. चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून केलेली ही बांधणी त्यांच्या आधी दोनशे वर्षे तरी रुळलेली होती.

जोते किती उंच असावे आणि त्यावरचे आडवे थर कशासाठी असतात?

बागेत ४५ ते ७५ सेंटिमीटर उंचीचे जोते पुरते. मराठवाड्यात वर्षभराचा पाऊस कमी असला तरी तो येतो तेव्हा झोडपून येतो, आणि काळ्या मातीचे शिंतोडे जमिनीपासून हात-दीड हात उंच उडतात. जोते त्यापेक्षा खाली ठेवले तर बसण्याची जागा पहिल्याच पावसाळ्यात चिखलाने माखते.

देवळाच्या जोत्यावर खालून वर खुर, कुंभ, कणी, कपोत असे थर दिसतात. खुर खाली बाहेर पसरतो व वजन जमिनीवर वाटतो, कुंभाच्या गोलाईवरून पाणी निथळते, कणी ही धारदार कडा असते आणि तिच्याखाली सावलीची काळी रेघ उमटते, तर कपोताचा पुढे झुकलेला ओठ वरून आलेले पाणी भिंतीपासून दूर टाकतो. लहान मंडपाला हे चारही थर नकोत. खुर आणि कपोत घ्यावेत व मध्ये साधा सपाट पट्टा सोडावा. ६० सेंटिमीटरच्या जोत्यात पाच-सहा थर कोंबले की प्रत्येक थर दोन बोटांचा होतो, दुपारच्या उन्हात त्यांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात आणि लांबून नुसते खडबडीत दिसते.

पायरीशी अर्धगोल चंद्रशिला बसवावी. ती एकाच दगडाची असावी आणि तिच्यावर कोरीवकाम नसले तरी चालते.

काळ्या मातीत असा जड मंडप उभा राहील का?

राहील, परंतु पायावर केलेला खर्च कधी दिसत नाही म्हणून तो टाळण्याचा मोह होतो, आणि बहुतेक मंडप तेथेच फसतात. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. भिंतींच्या घराला याने तडे जातात. खांबांच्या मंडपात एक खांब बोटभर वर आणि दुसरा बोटभर खाली गेला तर तुळईच मोडते, कारण दगडी तुळईला वाकणे ठाऊक नसते.

मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर तेथपर्यंत खोदून पाया घ्यावा. माती खोल असेल तर खालच्या टोकाला फुगवटा असलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, ज्यांना अंडररीम्ड पाइल म्हणतात ते, साधारण साडेतीन मीटर किंवा अधिक खोल घ्यावेत, कारण त्या खोलीवर ऋतूंप्रमाणे होणारा ओलाव्याचा चढउतार जवळजवळ थांबतो. पाइलच्या माथ्यांना जोडणारा आरसीसी बीम घालावा आणि त्याच्या तळाखाली मोकळी जागा सोडावी, म्हणजे फुगलेली माती त्याला वर ढकलणार नाही. जोत्याच्या बाहेर चहूकडे एक मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली फरशी करावी. शहाबादी फरशी या कामाला उत्तम. ठिबकचे लॅटरल या पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

खांबाचे प्रमाण कसे ठरवावे?

यादवकालीन खांब खालून वर वाचता येतो. तळाशी तळखडा असतो, त्यावर चौकोनी भाग, मग अष्टकोन, मग गोल, वर कणीची धार, पुन्हा चौकोन आणि शेवटी चारही दिशांना बाहेर आलेले हस्त. या हस्तांवर कधी फणा काढलेला नाग असतो, तर कधी पोट सुटलेला, गाल फुगवून ओझे पेलणारा कीचक असतो. चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचे वर्तुळ करताना पाथरवट फक्त कोपरे उतरवत जातो. सोळा बाजू झाल्या की गोलाई जवळ आलेलीच असते. त्यामुळे खांबाचे सर्वांत रुंद माप तेच राहते आणि वजन सरळ खाली उतरते.

बागमंडपासाठी खांबाची मोकळी उंची २.४ मीटर धरल्यास तळाशी ३५ सेंटिमीटर चौरस हे माप शोभते. लोखंडाच्या जोरावर २० सेंटिमीटरचा खांबही उभा राहील, पण त्यावर दगडी तुळई आणि छज्जा ठेवल्यावर वरचा भाग अंगावर येईल असे वाटते आणि खाली बसलेला माणूस अस्वस्थ होतो. खांबाच्या उंचीचे तीन समान भाग करणे टाळावे. खालचा चौकोनी भाग सर्वांत उंच आणि वरचे भाग क्रमाने बुटके ठेवावेत. चौकोनी भागावर, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल तेथे, एखादे कमळ किंवा हंसपट्टी कोरायला हरकत नाही. बाकी खांब साधा ठेवून कडा मात्र नेमक्या काढून घ्याव्यात, कारण पैसे खरे त्या कडांचे असतात.

दोन खांबांमध्ये किती अंतर ठेवता येते? हस्त केवळ शोभेचे असतात का?

दगड दाबाला भक्कम आणि ताणाला कमजोर असतो. तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तेथूनच जातो. वाकवणारा जोर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून अंतर थोडे कमी केले तरी फायदा मोठा होतो. खांबांची मध्यापासून मध्यापर्यंत अंतरे २.४ मीटर आणि खांब ३५ सेंटिमीटरचा धरला तर मोकळे अंतर २.०५ मीटर उरते. दोन्ही बाजूंनी ३५ सेंटिमीटरचे हस्त पुढे आले की तेच १.३५ मीटर होते आणि तुळईला वाकवणारा जोर निम्म्याहून कमी होतो. नाग आणि कीचक हे या कामावर चढवलेले अलंकार आहेत. कीचक काढून टाकला तरी हस्त राहिला पाहिजे.

याच मापाची, म्हणजे २.४ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर चौरस अशी बेसाल्टची तुळई सुमारे ६०० किलो भरते. ती चढवण्यासाठी हायड्रा क्रेन लागेल, आणि हायड्रा बागेत शिरेल असा रस्ता झाडे लावण्यापूर्वीच राखून ठेवावा लागतो.

छत आतून कसे असावे?

सगळ्या मंडपात लक्ष आणि खर्च एकाच ठिकाणी घालायचा असेल तर तो छताला घालावा. खुल्या मंडपात भिंती नसतात, बाहेर पाहून झाले की नजर वर जाते.

सर्वांत साधे आणि भूमितीच्या दृष्टीने समाधान देणारे छत म्हणजे कोपरे कापत वर जाणारे चौरसांचे छत. तुळयांच्या आतला मोकळा चौरस २.१ मीटरचा असेल तर प्रत्येक कोपऱ्यावर एक त्रिकोणी शिळा आडवी ठेवतात. चारही शिळांच्या आतल्या कडा मिळून जो तिरका चौरस तयार होतो त्याची बाजू १.४८ मीटर होते आणि क्षेत्रफळ बरोबर निम्मे होते. त्यावर पुन्हा चार शिळा ठेवल्या की चौरस सरळ होऊन १.०५ मीटरवर येतो. आता वर एकच सपाट शिळा ठेवून छत मिटवता येते व तिच्या खालच्या बाजूला कमळ कोरता येते. बाजूंना टेकण्यासाठी जागा धरून ही शिळा १.३ मीटर चौरस लागते आणि १५ सेंटिमीटर जाडीची असेल तर तिचे वजन ७०० किलोच्या आसपास जाते. हे वजन नको असेल तर आणखी एक फेरा घालून ७४ सेंटिमीटरवर आल्यावर मिटवावे. लाकडी सांगाडा न लावता, एकही कमान न वळवता आणि लांब दगड न शोधता मोठी मोकळी जागा झाकण्याची ही युक्ती आहे, आणि ती खालून पाहणाऱ्याला पूर्ण उलगडून दिसते.

वर्तुळाकार थर एकावर एक थोडे थोडे आत सरकवत केलेले घुमटासारखे वितान अधिक देखणे असते, मात्र त्यात प्रत्येक दगड वेगळ्या वळणाचा घडवावा लागतो. कुशल पाथरवट हाताशी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार कमळ छताला चिकटवणे हा मार्ग तर मुळीच धरू नये. खुल्या मंडपात ते ओलावा धरते आणि पाकळ्या गळू लागतात.

छज्जा किती पुढे काढावा?

मराठवाडा साधारण १८ ते २० उत्तर अक्षांशांत येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारी बारा वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंशांवर असतो, तर डिसेंबरच्या २१-२२ तारखेला साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंत खाली येतो. दक्षिणेला २.१ मीटर उंचीची मोकळी बाजू असेल तर ७२ सेंटिमीटरच्या छज्ज्याने मार्च ते सप्टेंबर दुपारचे ऊन आत येत नाही, आणि हिवाळ्यात मात्र खालच्या १.३ मीटरपर्यंत ऊन सरळ आत येते. थंडीच्या दिवसांत नेमके तेच हवे असते.

पश्चिमेला हे गणित चालत नाही. दुपारी चारच्या सुमारास सूर्य ३० अंशांवर उतरला की त्याच उंचीसाठी साडेतीन मीटरहून लांब छज्जा लागेल. त्या बाजूला दगडी जाळी बसवावी किंवा झाडे लावावीत.

छज्ज्याच्या शिळेचा जेवढा भाग बाहेर येतो, निदान तेवढाच आत दाबलेला असावा आणि त्यावर पुरेसे वजन असावे, नाहीतर ती कलंडते. बाहेरच्या कडेपासून तीन बोटे आत, खालच्या बाजूला एक बारीक खाच लांबीभर काढून घ्यावी. पाणी त्या खाचेशी थबकून खाली टपकते. खाच नसेल तर ते पृष्ठभागाला धरून तुळईपर्यंत आत येते आणि काळपट ओघळ पडतात. अर्ध्या दिवसाच्या छिन्नीकामाचा हा तपशील आहे आणि नव्या कामांत तो हमखास राहून जातो.

कक्षासन म्हणजे काय?

मंडपाच्या कडेच्या अर्ध्या भिंतीवर केलेले दगडी बाक आणि त्याची बाहेरच्या बाजूला कललेली पाठ, यांना मिळून कक्षासन म्हणतात. बैठक जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर उंच आणि तेवढीच खोल असावी, आणि पाठ बाहेर झुकती असावी म्हणजे टेकता येते. पूर्व आणि उत्तर बाजूंना कक्षासन करावे. पश्चिमेचे दगडी आसन मे महिन्यात दिवेलागणीपर्यंत बसण्याजोगे होत नाही.

ग्रीक किंवा रोमन खांबांचा मंडप बांधला तर?

बांधता येतो, आणि बागेत देवळासारखे छोटे घर बांधण्याची मोठी परंपरा युरोपातही आहे. इंग्लंडमध्ये स्टावरहेडच्या बागेत तळ्याकाठी अठराव्या शतकात अशी अनेक देवळे उभारली गेली, आणि फ्रान्समध्ये व्हर्सायच्या बागेत १७७८ साली बांधलेला बारा कोरिंथियन खांबांचा गोल मंडप आजही आहे. त्यांतही पूजा होत नव्हती. फिरत फिरत तेथे पोचायचे, बसायचे आणि बागेकडे पाहायचे, एवढाच हेतू होता. मराठवाड्याला ते जगही अगदीच परके नव्हते. तेर म्हणजे जुने तगर, आणि पैठण, या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत आहे.

अडचण खांब परका असण्याची नसून त्याचे प्रमाण मोडण्याची आहे. डोरिक खांब ठेंगणा व दणकट असतो. अथेन्सच्या पार्थेनॉनचे खांब सुमारे १०.४ मीटर उंच आणि तळाशी १.९ मीटर व्यासाचे आहेत, म्हणजे उंची व्यासाच्या साडेपाच पट आहे. आयोनिक खांब, ज्याच्या माथ्याला दोन वेटोळी असतात, तो आठ-नऊ पट उंच असतो, आणि पानांच्या माथ्याचा कोरिंथियन साधारण दहा पट. आपल्याकडे फार्महाऊसच्या दारात नऊ इंच व्यासाचा आणि दहा फूट उंचीचा जो खांब दिसतो त्याचे प्रमाण तेरा पटींच्या पुढे जाते, आणि माथा कोणताही लावला तरी तो खांब कोणत्याच परंपरेत बसत नाही. २.४ मीटर उंचीसाठी डोरिकचा व्यास ४४, आयोनिकचा २७ आणि कोरिंथियनचा २४ सेंटिमीटर येतो, असे सोपे गणित आहे.

दुसरी चूक याहून जास्त सर्रास होते. खांबावरच्या तुळईचा दर्शनी पृष्ठभाग खांबाच्या वरच्या गळ्याशी एका रेषेत यायला हवा आणि माथा त्याच्या बाहेर डोकवायला हवा. येथे बीम ओतताना तो माथ्याच्या बाहेरच्या कडेइतका रुंद करतात, त्यामुळे खांब वरच्या ओझ्याखाली आत दबल्यासारखा दिसतो. तुळई, तिच्यावरचा पट्टा आणि कंगोरा मिळून खांबाच्या उंचीच्या पाव भागाइतके असावेत, हा सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकारांचा नियम लहान मंडपालाही लागू पडतो. त्रिकोणी दर्शनी भागाचा उतार १२ ते १५ अंशांचाच ठेवावा; कौलारू घराइतका चढा त्रिकोण केला की सगळा शांतपणा जातो.

डोरिक पट्ट्यावर उभ्या तीन रेघांचे जे ठोकळे दिसतात ते मूळच्या लाकडी तुळयांच्या टोकांचे दगडी रूप आहे, असे प्राचीन काळापासून सांगितले जाते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्म्यात, छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या दिसतात, त्याही लाकडी छताच्या आहेत. सुतारकामाची आठवण दोन्हीकडच्या पाथरवटांनी दगडात जपली.

देशी आणि ग्रीक तपशील एकत्र करता येतात का?

एकाच मंडपात करू नयेत. कपोत आणि वेटोळ्यांचा माथा दोघेही एकाच जागेवर हक्क सांगतात. मुख्य घर एका पद्धतीचे आणि बागमंडप दुसऱ्या पद्धतीचा असेल तर मध्ये दाट झाडी असावी, एवढे पुरे.

आरसीसीचा सांगाडा करून वरून दगड चिकटवला तर काय बिघडते?

बांधणीच्या दृष्टीने काही बिघडत नाही, उलट कधी कधी तेच शहाणपणाचे असते. दिसण्याच्या दृष्टीने कोपऱ्यात बिघडते. वीस मिलिमीटरच्या दोन पाट्या कोपऱ्यावर भेटतात तेथे त्यांची जाडी दिसते आणि हा दगड नसून दगडाचे कपडे आहेत हे लहान मुलालाही कळते. कोपऱ्यासाठी काटकोनात घडवलेले एकसंध तुकडे वापरावेत, आणि सांधे खऱ्या थरांप्रमाणे आडवे जुळवावेत.

माझी शिफारस तिसरीच आहे. सांगाडा विटांचा व आरसीसीचा करावा आणि त्यावर चुन्याचा गिलावा घोटून द्यावा. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला वापरला असून बाकीच्या भागात बेसाल्टवर चुन्याचे नाजूक काम आहे. ही वास्तू सतराव्या शतकातली आहे. चुना मुरवायला आणि गिलावा ओला ठेवायला वेळ द्यावा लागतो. हिवाळ्याच्या तोंडाशी काम काढावे, उन्हाळ्यात तो वाळून तडकतो.

किल्लारीच्या भूकंपानंतर दगडी बांधकाम करणे योग्य आहे का?

हा प्रश्न लातूर आणि धाराशिवकडचे लोक पहिला विचारतात, आणि तो योग्यच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे दगडी घरांखाली गेली. त्या घरांच्या भिंती दोन बाजूंना गोलाकार दगड, मध्ये खडी-माती आणि एका बाजूचा दगड दुसऱ्या बाजूला न पोचणारा, अशा होत्या आणि डोक्यावर मातीचे जाड, जड माळवद होते. जमीन हलताच भिंतीचे दोन पदर वेगळे झाले आणि माळवद खाली आले.

घडीव दगडाच्या खांबांचा मंडप त्यापेक्षा वेगळा असला तरी धोका त्यालाही आहे, कारण सगळे वजन वर असते आणि भिंती नसल्यामुळे बाजूने धरणारे काही नसते. म्हणून खांबाच्या मधोमध भोक पाडून पायापासून तुळईपर्यंत स्टेनलेस स्टीलची सळई घ्यावी, तुळया कोपऱ्यांवर एकमेकींना स्टेनलेस स्टीलच्या चापांनी बांधाव्यात आणि छतावर, बाहेरून न दिसणारा, चारही बाजूंनी फिरणारा आरसीसी पट्टा ओतावा. साधे लोखंड वापरू नये. ते गंजून फुगते आणि आतून दगड फोडते. छतावर मातीचा किंवा कोब्याचा जाड थर टाकण्याचा मोह आवरावा.

शेतात नांगरताना कोरीव दगड सापडला आहे. तो मंडपात बसवता येईल का?

नाही. मराठवाड्यात गावोगाव पारावर, बारवेच्या काठी, बांधावर असे खांबांचे तुकडे आणि वीरगळ दिसतात, आणि ते फाटकाला किंवा चौथऱ्याला बसवण्याची सवय जुनी आहे. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, आणि जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दगड जेथे सापडला तेथेच ठेवून, छायाचित्र काढून, तहसील कार्यालयाला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवावे. दगडाची जागा हीच निम्मी माहिती असते, हलवला की ती पुसली जाते.

आपले शेत केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल तर १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते.

मंडपाभोवती कोणती झाडे लावावीत आणि छताच्या पाण्याचे काय करावे?

बकुळ, प्राजक्त, सोनचाफा आणि देवचाफा ही देवळाभोवतीची जुनी झाडे येथेही शोभतात. पश्चिमेला सावलीसाठी कडुनिंब लावावा, पण काळ्या मातीत मोठे झाड त्याच्या पूर्ण उंचीइतके तरी मंडपापासून दूर असावे, कारण मुळे माती कोरडी करून पाया खचवतात. वड, पिंपळ आणि उंबर जवळपास लावू नयेत.

चार मीटर चौरसाच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने ११,२०० लिटर पाणी येते. ते मकरमुखातून, म्हणजे मगरीच्या तोंडाच्या दगडी नळीतून, एका बाजूला सोडून हौदात घ्यावे. हौदाला पायऱ्या आणि दिवा ठेवायला एखादी देवळी केली तर छोट्या बारवेचे रूप येते. सेलू तालुक्यातील वालूरची वर्तुळाकार उतरत्या पायऱ्यांची बारव त्यासाठी पाहून यावी. मकरमुख भिंतीपासून निदान ३० सेंटिमीटर पुढे असावे, आणि त्याच्या तोंडाला पाने अडकू नयेत म्हणून आतल्या बाजूला जाळी बसवावी.

निगा कशी राखावी?

ऑइलपेंट लावू नये. आपल्याकडे कित्येक जुन्या देवळांना तो लावल्याने दगडातला ओलावा आत कोंडला जाऊन पापुद्रे सुटले आहेत, आणि कोरीवकामाच्या धारा रंगाखाली बुजल्या आहेत. ॲसिड आणि तारेचा ब्रश वापरू नये. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. पावसाळ्यानंतर शिडी लावून छतावर चढावे, सांध्यांत रुजलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच मुळासकट काढावे आणि ती फट चुन्याने भरावी. रोप नुसते वरून खुडले तर मूळ आत जाड होत राहते आणि पुढे ते काढण्यासाठी दगडच उचलावा लागतो.